कोकणातल्या घराण्याचा इतिहास शोधताना: वाडीपासून वाचनालयापर्यंत

‘आमचं मूळ गाव राजापूरच्या बाजूला कुठंतरी’ एवढ्या माहितीवर पुष्कळ जण थेट एखाद्या मोठ्या वाचनालयात जातात आणि आपल्या आडनावाचं पुस्तक मागतात. पुस्तक असलं तरी त्यात आपलं घर सापडत नाही. नसलं तर ‘आमच्या घराण्याचं काही लिहिलेलंच नाही’ अशी समजूत करून घेऊन परततात. दोन्ही वेळा वाचनालयात जाणं चुकलेलं नसतं, क्रम चुकलेला असतो.

अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत केवळ वंशावळींसाठी एक प्रचंड ग्रंथालय आहे. ज्या संस्थेतून ते वाढलं ती १८९४ साली स्थापन झाली. तिथल्या शोधकाला जन्म, लग्न, मृत्यू, जमीन, जहाजाच्या याद्या असं बरंच काही एका छताखाली मिळतं. कोकणासाठी अशी एक इमारत नाही. आपला माल रत्नागिरीत, चिपळूणला, दादरला, पुण्यात, पणजीत, तहसील कचेरीच्या माळ्यावर आणि नाशिकच्या उपाध्यांच्या बाडांत विखुरलेला आहे. म्हणून कुठं, कधी आणि काय हातात घेऊन जायचं हे ठरवणं हाच या कामाचा निम्मा भाग. मी हे सगळं फिरले आहे, आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याची दमछाक वाचावी म्हणून हा क्रम लिहिते आहे.

१. आधी घर धुंडाळा

पहिले काही आठवडे घराबाहेर पडूच नका. घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसा. वडिलांकडच्या माणसांपुरते थांबू नका. सासरी गेलेल्या आत्या आणि आजीच्या माहेरची माणसं यांना पुष्कळदा जास्त आठवत असतं.

विचारायच्या गोष्टी अशा:

- मूळ गाव आणि त्यातली वाडी. नुसतं गाव पुरत नाही. एका गावात एकाच आडनावाची चार वाड्यांत चार घराणी असतात आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही.
- कुलदैवत कुठलं, ग्रामदैवत कुठलं, शिमग्यात किंवा पालखीत घराण्याला काही मान आहे का.
- गोत्र, आणि आधीचं आडनाव वेगळं होतं का.
- मुंबईला पहिला कोण आला, कुणाच्या खोलीवर उतरला, कुठं कामाला लागला.
- आजी, पणजी यांची माहेरची नावं, आडनावं आणि गावं.
- कुणी दत्तक गेलं किंवा आलं का.

मग कागद. जुने शाळा सोडल्याचे दाखले, भाडेपावत्या, गिरणीचे किंवा पेन्शनचे कागद, पोस्टकार्डं, लग्नपत्रिका, फोटोंच्या चौकटीमागचा मजकूर. हाताने लिहिलेली जन्मपत्रिका मिळाली तर जपा. तिच्यात शक, संवत्सर, तिथी आणि बहुतेक वेळा वडील-आजोबांची नावं असतात, म्हणजे एका कागदात तीन पिढ्या आणि तारीख.

ज्या घरांत श्राद्ध-पक्ष होतो तिथं आणखी एक वाट आहे. श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह आणि त्यांच्या पत्नी यांची नावं उच्चारतात, शिवाय आईच्या माहेरच्या तीन पिढ्यांची. घरच्या भटजींच्या वहीत ही नावं टिपलेली असतात. आजोबांनी शेवटचा पक्ष केला तेव्हाची वही मिळाली तर तुम्ही एका दुपारी पाच-सहा पिढ्या मागे जाऊ शकता.

प्रत्येक माहितीसमोर ती कुणी सांगितली आणि कधी सांगितली हे लिहा. पुढं दोन गोष्टी जुळेनाशा झाल्या की याचा उपयोग होतो.

२. तुमचं गाव तेव्हा कुणाच्या राज्यात होतं?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग वर्षभर चुकीच्या कचेरीत हेलपाटे घालतात. आज आपण रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असं म्हणतो. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला. त्याआधी देवगड, मालवण, वेंगुर्ला हे सगळं रत्नागिरी जिल्ह्यात होतं. रायगडचं नाव कुलाबा होतं. म्हणून मालवणच्या गावाचा जुना कागद रत्नागिरीच्या नावाखाली लावलेला असू शकतो.

त्याच्याही मागे गेलं की चित्र आणखी बदलतं. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि कोकणातला पेशव्यांचा मुलूख कंपनी सरकारकडे गेला. बाणकोट तर १७५६ पासूनच इंग्रजांच्या हातात होतं. अलिबागच्या आसपासचा आंग्र्यांचा मुलूख १८४० मध्ये खालसा झाला. मुरुड, श्रीवर्धन, म्हसळा या भागावर जंजिऱ्याच्या सिद्दीचं संस्थान होतं आणि सावंतवाडीत भोसल्यांचं. ही दोन्ही १९४८ पर्यंत टिकली. रेवदंडा-चौल १७४० पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं. म्हणजे श्रीवर्धनचं घराणं आणि दापोलीचं घराणं, दोघांच्या गावांत अंतर थोडं, पण १९०० सालचा महसुली कागद दोन वेगळ्या सरकारांचा.

तालुकेही बदलले. गुहागर पूर्वी चिपळूणखालचा पेटा (तालुक्याचा पोटविभाग) होता आणि मंडणगड दापोलीखालचा. दोडामार्ग सावंतवाडीतून निघाला. जुन्या कागदात ‘तालुका चिपळूण’ दिसलं म्हणून तो कागद आपल्या गुहागरच्या गावाचा नाही असं समजून बाजूला ठेवू नका.

इथं एक सरकारी ग्रंथ मदतीला येतो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० साली आणि कुलाबा-जंजिऱ्याचा खंड १८८३ साली निघाला. त्यात तुमच्या पणजोबांचं नाव सापडणार नाही. पण तेव्हाचे तालुके-पेटे, बंदरं, जमीनधाऱ्याच्या पद्धती आणि कोणते समाज कुठं होते हे कळतं. आपल्या तालुक्याची पानं काढून वाचा. गाव कोणत्या पेट्यात होतं हे एका ओळीत लिहून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ती ओळ वापरा.

३. आता वाचनालय

हातात गाव, वाडी, कुलदैवत आणि साल माहीत असलेला निदान एक पूर्वज असेल तर वाचनालयात जायची वेळ झाली.

कुठं जायचं? रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचं, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी. चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचनमंदिर १८६४ सालचं. २००५ आणि २०२१ च्या महापुरांत या शहराने आणि या वाचनालयाने मोठं नुकसान सोसलं आहे, म्हणून तिथं जाण्याआधी हवा असलेला ग्रंथ आज उपलब्ध आहे का हे फोनवर विचारा. सावंतवाडीला श्रीराम वाचन मंदिर आहे. मुंबईत दादर-नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग (संस्था १८९८ ची) आणि ठाण्याला मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३). पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ, १९१० साली वि. का. राजवाडे यांच्या पुढाकाराने स्थापन झालेलं.

मुंबई-पुण्यात राहत असाल तर दादर किंवा पुण्यापासून सुरुवात करा. जुने कुलवृत्तांत (एका आडनावाच्या घराण्यांच्या इतिहासाची आणि वंशावळींची पुस्तकं) मुंबई-पुण्याकडे छापले गेल्यामुळे ते तिथं मिळण्याची शक्यता अधिक. रत्नागिरी-चिपळूणला स्थानिक वृत्तपत्रं, गावांच्या आणि देवस्थानांच्या स्मरणिका, शाळांचे शताब्दी अंक असं साहित्य बघा. स्मरणिकांना कमी लेखू नका. एखाद्या प्राथमिक शाळेच्या शताब्दी अंकात पहिल्या तुकडीच्या मुलांची नावं असतात आणि ती दुसरीकडे कुठंच छापलेली नसतात.

मागायचं कसं? ‘अमुक आडनावाची वंशावळ आहे का’ असं विचारू नका. ‘कुलवृत्तांत, घराण्यांचे इतिहास, स्मरणिका आणि गावांचे इतिहास संदर्भ विभागात कुठं लावलेत’ असं विचारा आणि स्वतः कपाट चाळा. एका आडनावाच्या कुलवृत्तांतात सोयरिकीमुळे दुसऱ्या डझनभर आडनावांच्या मुली आणि जावई येतात. तुमच्या आजीच्या माहेरचं पुस्तक तुमच्या आडनावाच्या पुस्तकापेक्षा जास्त देऊन जाऊ शकतं.

हे ग्रंथ बहुधा घरी नेता येत नाहीत. ओळखपत्र, वही, पेन्सिल आणि दिवसभराचा वेळ घेऊन जा. फोटो काढायची परवानगी आधी विचारा.

*कुलवृत्तांत वाचायचा कसा.* सुरुवातीला गोत्र, प्रवर, कुलदैवत, मूळ गाव आणि घराण्याच्या शाखा असतात. मग ‘घराणे १ ले, २ रे’ अशी विभागणी, वंशवृक्ष, आणि व्यक्तींची माहिती. थेट वंशवृक्षावर उडी घेऊ नका. आधी गावांची सूची काढा, तुमचं गाव कोणत्या घराण्याखाली आहे ते बघा, आणि मगच त्या घराण्याचा वृक्ष उघडा. प्रस्तावना नक्की वाचा. संपादकांनी माहिती पत्र पाठवून मिळवली, गावोगाव फिरून मिळवली की आधीच्या आवृत्तीतून घेतली, हे तिथं लिहिलेलं असतं. कोणत्या घराण्यांनी उत्तरच दिलं नाही हेही काही संपादक प्रामाणिकपणे नोंदवतात.

आणि सापळे:

एकाआड एक नावं. विसाजी नारायण, नारायण विसाजी, पुन्हा विसाजी नारायण. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे एक अख्खी जोडी गळून पडते आणि वाचणाऱ्याला पत्ता लागत नाही. सालं लिहून पिढ्या मोजा. साधारण पंचवीस ते तीस वर्षांना एक पिढी धरली तर शंभर वर्षांत तीन-चार पिढ्या बसतात. दोनच दिसत असतील तर मध्ये कुणीतरी हरवलं आहे. सहा दिसत असतील तर दोन भावांना बाप-लेक केलं आहे.

मूळ पुरुष. पहिल्या एक-दोन नावांना बहुतेक वेळा कागदाचा आधार नसतो, परंपरेचा असतो. ती नावं ठेवा, पण आपल्या तक्त्यात तुटक रेषेने जोडा.

‘निर्वंश’ असा शेरा. संपादकाला पुढची माहिती मिळाली नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. मुलगा बडोद्याला, इंदुरास किंवा कर्नाटकात गेला आणि गावाशी संबंध तुटला, अशी शाखा पुढं वाढलेली असते.

बायका. जुन्या वृक्षांत मुली नसतातच, आणि सुना फक्त सासरच्या नावाने असतात. हे मला सर्वांत जास्त सलतं. आपला तक्ता करताना प्रत्येक स्त्रीसमोर माहेरचं नाव, आडनाव आणि गाव यांची जागा मोकळी ठेवाच. ती भरायची वाट पुढच्या पायरीत सांगते.

एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. छापील कुलवृत्तांत प्रामुख्याने काही समाजांचे आहेत. चित्पावनांची गोत्रं चौदा आणि मूळ आडनावं साठ अशी परंपरा आधीच बांधलेली असल्याने त्यांच्याकडे हे काम लवकर आणि भरपूर झालं. कऱ्हाडे, सारस्वत, कायस्थ प्रभू आणि काही मराठा घराण्यांचीही पुस्तकं आहेत. कुणबी, भंडारी, गाबीत, खारवी, तेली, महार, चांभार, कोकणी मुसलमान अशा कुटुंबातून तुम्ही येत असाल तर कपाटात तुमच्या नावाचं पुस्तक नसण्याची शक्यता मोठी आहे. तुमच्या घराण्याला इतिहास नाही असा याचा अर्थ लावू नका. तो सरकारी दप्तरात आहे, आणि कित्येकदा छापील वंशावळीपेक्षा पक्का आहे.

४. जमिनीचे कागद

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्या. जमीन स्वतःची असो की कसायला घेतलेली, नाव कुठंतरी लागलेलं असतं.

आजचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन बघता येतो. त्यावर फेरफार क्रमांक असतात. फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. ते सगळे लिहून घ्या आणि प्रत्येक फेरफाराची (गाव नमुना ६) नक्कल मागा. कोण वारलं, कधी वारलं, वारस कोण, त्यांची वयं, हे त्यात येतं. वारस नोंदीत (गाव नमुना ६-क) लग्न झालेल्या मुलींचीही नावं सासरच्या आडनावासकट असू शकतात. कुलवृत्तांतात गाळलेल्या आत्या, पणजी इथं सापडतात.

एका फेरफारात मागच्या फेरफाराचा उल्लेख असतो. तो धरून मागे मागे जा. अलीकडचे कागद तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी), त्यामागचे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात, आणि मोजणीचे कागद भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयात. काही जिल्ह्यांचे जुने कागद सरकारने स्कॅन करून ऑनलाइन ठेवले आहेत. अर्ज करण्याआधी आपलं गाव त्यात आलंय का ते बघा.

कोकणाची खास गोष्ट म्हणजे खोती. बहुतेक गावं खोतांकडे, म्हणजे गावचा सारा गोळा करून सरकारला भरणाऱ्या वतनदारांकडे होती, आणि कसणारी कुळं त्यांच्याखाली. १८८० च्या खोती सेटलमेंट कायद्याखाली तयार झालेल्या बॉटखतात कोणती जमीन कोण कसतो आणि खोताला काय देतो हे लिहिलेलं आहे. म्हणजे ज्या कुटुंबाच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती त्यांच्याही पूर्वजाचं नाव तिथं मिळू शकतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक मांडलं. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्यानंतर कुळकायदा, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, ज्या दिवशी कसणाऱ्या कुळाला जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. त्यासाठी कलम ३२-ग खाली चौकशा झाल्या. त्या प्रकरणाच्या फायलीत तुमच्या आजोबा-पणजोबांचा जबाब असू शकतो: ‘ही जमीन माझ्या बापाच्या वेळेपासून आम्ही कसतो’ अशा धाटणीचा, खाली सही किंवा अंगठा. कुटुंबाच्या इतिहासात यापेक्षा मोलाचा कागद मी पाहिलेला नाही.

कचेरीत जाताना सोबत न्या:

- आधार किंवा इतर ओळखपत्र, झेरॉक्ससह
- गाव, वाडी, सर्व्हे किंवा गट क्रमांक, आणि जुना सर्व्हे क्रमांक माहीत असल्यास तोही
- हव्या असलेल्या फेरफारांचे क्रमांक
- कोर्ट फी तिकिटं आणि नकलेसाठी सुट्टे पैसे
- नात्याचा पुरावा, जसं शाळेचा दाखला किंवा मृत्यूचा दाखला

अर्जात ‘माझ्या घराण्याचे सर्व जुने कागद मिळावेत’ असं लिहिलंत तर तो अर्ज पडून राहील. ‘मौजे अमुक, फेरफार क्रमांक अमुक, नक्कल’ असं एका ओळीचं मागणं करा. एका अर्जात एकाच प्रकारचा कागद. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. उत्तर येत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, फी दहा रुपये.

वेळ निवडताना एवढं पाळा: कागदांसाठी गणपतीत किंवा शिमग्यात जाऊ नका, ते दिवस माणसांना भेटायचे. त्या वेळी मुंबईची सगळी भावकी गावात असते आणि एका ओटीवर बसून चार शाखा जुळतात. कचेरीचं काम दिवाळीनंतर ते एप्रिलपर्यंत काढा.

५. शाळा आणि कोतवाल बुक

जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा १९६९ चा. त्याआधीच्या गावच्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात. त्या तहसीलच्या अभिलेख कक्षात असतात, पुष्कळशा मोडी लिपीत. मुलाचं नाव ठेवण्याआधीच जन्माची नोंद झालेली असे, म्हणून तिथं बापाचं नाव धरून शोधा. जातीच्या दाखल्यांसाठी २०२३ पासून कुणबी नोंदींचा जो शोध झाला त्यात असे असंख्य कागद बाहेर आले, आणि अनेक जिल्ह्यांनी ते आपल्या संकेतस्थळावर टाकले. दाखल्याशी तुमचा संबंध नसला तरी गावाचं नाव घालून ते बघाच.

प्राथमिक शाळेचं जनरल रजिस्टर हा दुसरा खजिना: मुलाचं पूर्ण नाव, जात, जन्मतारीख, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख. या रजिस्टरचं महत्त्व कळायला एक नोंद पुरे. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे गावच्या सकपाळ घराण्यातला एक मुलगा ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाला. रजिस्टरात नाव लागलं ‘भिवा रामजी आंबेडकर’. मूळ आडनाव सकपाळ, गावावरून पडलेलं आडनाव, आणि नोंद कोकणाबाहेर. तुमच्या घराण्यातही या तिन्ही गोष्टी घडलेल्या असू शकतात. म्हणून फक्त आजच्या आडनावाने शोधू नका. नाव, बापाचं नाव आणि गाव धरून शोधा. आडनाव शेवटी बघा.

शाळेत जाताना मुख्याध्यापकांना आधी पत्र द्या. जुनी रजिस्टरं हाताळताना पानांचे तुकडे पडतात. शिक्षकांनाच पान उलटू द्या.

६. देवस्थान, तीर्थक्षेत्र, चर्च, जमात

कुलदैवत हे मूळ गावाचं बोट धरून नेणारं चिन्ह आहे. घराणं आज मालवणला आणि कुलदैवत गोव्यात, असं असेल तर स्थलांतराची दिशा कळली. पोर्तुगीजांच्या काळात, सोळाव्या शतकात, साष्टी आणि आसपासच्या भागातले देव हलवले गेले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला तो १५६० च्या सुमारास, आणि शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. देवाबरोबर भक्त कुटुंबंही निघाली आणि त्यांतली कित्येक उत्तरेला वेंगुर्ला, मालवण, राजापूरपर्यंत पसरली. देवस्थानात महाजनांच्या, म्हणजे तिथं परंपरेने हक्क असलेल्या घराण्यांच्या, याद्या असतात. आपलं आडनाव आणि मूळ गाव सांगून विचारा. गोव्यातल्या गावाशी धागा लागला तर पणजीचं पुराभिलेख खातं आणि त्या गावच्या गांवकारीचे (कोमुनिदाद, म्हणजे गावची सामाईक जमीन सांभाळणारी संस्था) कागद बघायचे. ते पोर्तुगीजमध्ये असतात, म्हणून वाचणारा सोबत हवा.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ्यांची बाडं असतात. यजमान आला की त्याने स्वतःच्या हाताने आपलं, भावांचं, मुलांचं, बाप-आजांचं नाव आणि गाव लिहायचं, ही रीत. पणजोबांचं अक्षर बघायला मिळण्याची ही बहुधा एकमेव जागा. आडनाव, मूळ गाव आणि समाज सांगितला की तुमचे उपाध्ये कोण हे तिथंच कळतं. दक्षिणा मोकळेपणाने द्या. ही बाडं त्या कुटुंबांनी स्वतःच्या खर्चाने सांभाळली आहेत. उत्तरेतल्या, विशेषतः हरिद्वारच्या, अशा वह्यांची छायाचित्रं सॉल्ट लेकच्याच संस्थेच्या ‘फॅमिलीसर्च’ संकेतस्थळावर विनामूल्य बघता येतात. घराण्यातलं कुणी काशी-हरिद्वार करून आलं असल्याची आठवण असेल तर तिथं एकदा चाळून बघा.

ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या चर्चमधली बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं बघावीत. कोकणी मुसलमानांनी जमातीकडची निकाहाची रजिस्टरं आणि कब्रस्तानाच्या नोंदी. तिथं वधूच्या वडिलांचं नाव हमखास मिळतं.

७. मुंबईतलं ग्रामस्थ मंडळ

लालबाग, परळ, गिरगाव, डिलाईल रोड. कोकणातल्या गावागावांची मंडळं आणि त्यांच्या खोल्या इथं होत्या, काही अजून आहेत. मंडळाच्या इतिवृत्ताच्या आणि वर्गणीच्या वह्या कुणी वाचनालयात ठेवलेल्या नाहीत. त्या चिटणिसाच्या घरी ट्रंकेत असतात. वर्गणीदारांची यादी वाडीवार केलेली असेल तर एका पानावर तुमची सगळी भावकी दिसते. जागा सोडताना, चाळ पुनर्विकासाला जाताना या वह्या रद्दीत जातात. मंडळाचा पत्ता लागला तर आधी तिथं जा, बाकीचं थांबेल.

घरात बोटीच्या अपघाताची आठवण सांगत असतील तर ती वृत्तपत्रात ताडून बघा. ‘रामदास’ बोट १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली, त्या आठवड्याचे अंक मुंबईच्या ग्रंथालयांत मिळतात. अशी एक पक्की तारीख हाती आली की तिच्या आधीची आणि नंतरची जन्मसालं नीट बसतात.

८. मोडी, आणि मोठी दप्तरं

१८५० च्या मागे जायचं असेल तर मोडीला पर्याय नाही. लिपी शिकायला अवघड नाही, सरावाला वेळ लागतो. पुराभिलेख संचालनालय आणि भारत इतिहास संशोधक मंडळ वर्ग घेतात. सगळं शिकायला वेळ नसेल तर निदान आपलं गाव, आडनाव आणि महिन्यांची नावं मोडीत ओळखता यायला हवीत, म्हणजे कोणतं पान वाचणाऱ्याला दाखवायचं ते ठरवता येतं.

पुण्याच्या पुराभिलेखागारातलं पेशवे दप्तर आणि मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार ही दोन मोठी ठिकाणं. घराण्यात इनाम, वतन, खोती, देशमुखी, कुलकर्ण असं काही असेल तरच तिथं नाव मिळण्याची आशा धरा. कागद ‘रुमालां’त बांधलेले असतात आणि रुमाल मागायला सूची बघावी लागते. नाव-गावाची सूची नसते. प्रांत, विषय, साल अशी असते. दुसऱ्या पायरीत ‘तेव्हा गाव कुठं होतं’ हे लिहून ठेवायला सांगितलं ते यासाठी.

तारखांचा हिशेब सोबत ठेवा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १, ६०, १०० आणि १०००, एकूण ११६१. सुहूर सन मृगाला बदलतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवायचे. पानिपत जानेवारी १७६१ चं, म्हणजे सुहूर ११६१. फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१. हे कोष्टक वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.

९. जुळवणी

प्रत्येक बाप-लेक जोडीला एकमेकांवर न बेतलेले दोन पुरावे शोधा. कुलवृत्तांत आणि त्याच कुलवृत्तांतावरून केलेला चुलत्यांचा तक्ता हे दोन पुरावे नव्हेत, तो एकच. कुलवृत्तांत आणि फेरफार, किंवा उपाध्यांचं बाड आणि शाळेचं रजिस्टर, हे दोन. दुसरा पुरावा नसलेली जोडी तक्त्यात पेन्सिलीने ठेवा. कागद आणि आठवण यांत फरक पडला तर दोन्ही लिहा. एक खोडू नका. वयाच्या बाबतीत शाळेचं रजिस्टरसुद्धा चुकतं, कारण पुष्कळदा दाखल करताना तारीख अंदाजे घातली जाई.

हयात माणसांच्या जन्मतारखा, दत्तकाच्या गोष्टी, जमिनीचे वाद हे छापण्याआधी त्या त्या घराला विचारा. वंशावळ हा वारसाहक्काचा पुरावा म्हणून वापरला जाऊ शकतो, म्हणून कुणाचं नाव गाळण्याचा किंवा घालण्याचा आग्रह झाला तर कागद दाखवा आणि कागदापाशी थांबा.

काम अर्धं झालं तरी त्याची एक स्वच्छ प्रत करा: गावांची सूची, तक्ते, आणि प्रत्येक नोंद कुठल्या कचेरीतून कोणत्या क्रमांकाने मिळाली याची पानं. एक प्रत गावच्या शाळेला, एक तालुक्याच्या वाचनालयाला, एक दादर किंवा पुण्याच्या संदर्भ विभागाला द्या आणि दाखल क्रमांक मागून घ्या. दोन प्रती तरी पुराच्या पाण्यापासून दूरच्या गावी असू द्या. मुखपृष्ठावर आणि पाठीवर आडनावाबरोबर गाव, वाडी आणि जुना तालुका मोठ्या अक्षरात लिहा, म्हणजे कपाट चाळणाऱ्याला पाठीवरूनच ओळखता येईल.